अर्धा पॉट जिंकूनही तोटा: ओमाहा हाय-लोमध्ये चाल कधी वाढवायची

ओमाहा हाय-लो हा पोकरचा एक प्रकार. तो शिकायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. रेझ करण्याआधी डावात किती जण उरलेत ते मोजा आणि पॉटचा, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगाचा, किती हिस्सा आपल्याकडे येणार ते ठरवा. पानं कितीही देखणी असोत, हे दोन आकडे मनात आल्याशिवाय चाल वाढवायची नाही. या खेळात सगळ्यात चांगला लो, म्हणजे सगळ्यात हलका हात, धरून आणि पॉटचा वाटा जिंकूनही माणूस तोट्यात जातो. तीन पत्तीत असं होत नाही, म्हणून आपल्याकडचे मुरलेले खेळाडूसुद्धा इथे अडखळतात.

मी अमळनेरची. पतपेढीत कॅशियर होते, त्यामुळे दुसऱ्याच्या हिशेबातली चूक मला पटकन दिसते. आखाजीला आमच्या खान्देशात माहेरवाशिणी झोक्यावर आणि बाकीची मंडळी पत्त्यांवर, हे पूर्वापार चालत आलंय. आमच्या घरी तेव्हा तीन पत्ती आणि मेंढीकोट चालायचं. हाय-लो आणला माझ्या भाच्याने. तो क्रूझ जहाजावर नोकरीला होता, तिथे शिकला. आता हिवाळ्यात शेतावर भरीत झालं, कळण्याच्या भाकरी संपल्या, की सतरंजीवर हाच डाव बसतो. खेळणारे म्हणजे मी, जाऊबाई, शेजारचे आबा, गणिताचे निवृत्त मास्तर आणि सुट्टीवर असला तर भाचा.

पैसे लावत नाही. चिंचोका म्हणजे एक, सागरगोटा म्हणजे दहा. जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा आपल्या राज्यात आजही आहे, आणि २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले. चिंचोक्यांवर खेळताना हिशेब तोच राहतो आणि घरात भांडण होत नाही. तुम्हीही तसंच खेळा, हे मी अगदी मनापासून सांगते.

नियम थोडक्यात. प्रत्येकाला चार पानं, मध्ये बोर्डवर पाच: आधी तीन एकदम म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर. पॉटचे दोन भाग होतात. अर्धा सगळ्यात भारी हाताला म्हणजे हायला, अर्धा सगळ्यात हलक्या हाताला म्हणजे लोला. लो बसायला पाच वेगवेगळी पानं लागतात आणि सगळी अठ्ठी किंवा त्याखालची हवीत. एक्का लोमध्ये सगळ्यात लहान, हायमध्ये सगळ्यात मोठा. सिक्वेन्स किंवा कलर झाला म्हणून लो बाद होत नाही. त्यामुळे एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा सगळ्यात उत्तम लो, आणि तोच हायसाठी सिक्वेन्स. कोणाचाच लो बसला नाही तर अख्खा पॉट हायचा.

नवीन माणूस दोन ठिकाणी हमखास चुकतो. एक म्हणजे हातातली बरोबर दोन आणि बोर्डवरची बरोबर तीन पानं घ्यायची असतात. एक-चार चालत नाही, तीन-दोन चालत नाही. हायसाठी एक जोडी आणि लोसाठी दुसरी घेतली तरी चालते. दुसरं म्हणजे लो वरून वाचायचा. सत्ती-छक्की-पंजी-चव्वी-तिर्री हा लो अठ्ठी-चव्वी-तिर्री-दुर्री-एक्क्यापेक्षा चांगला, कारण सत्ती अठ्ठीपेक्षा लहान. खालचा एक्का बघून लोक हुरळतात. बघायचं ते सगळ्यात मोठं पान.

आणि बोर्डवर अठ्ठी किंवा त्याखालची तीन वेगवेगळी पानं आली नाहीत तर लो कोणाचाच होऊ शकत नाही. बावन्न पानांतून पाच उघडली तर साठ टक्के वेळा अशी तीन पानं येतात. म्हणजे दहातले चार डाव निव्वळ हायचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्याकडे चाल ठरलेली असते. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन चिंचोके, टर्न आणि रिव्हरला चार. एका फेरीत एक चाल आणि वर तीन रेझ, त्यानंतर बंद. पॉटाएवढी चाल करता येते असाही प्रकार आहे, पण नवख्याने ठरलेल्या चालीवरच शिकावं.

कोणत्या पानांवर बसायचं

एक्का नसेल तर मी बहुतेक वेळा पॅक करते. एक्का-दुर्री हा पाया. सोबत तिर्री असेल, किंवा एक्क्याच्या रंगाचं आणखी एक पान असेल, तर मन लावून खेळायचं. दोन एक्के, दुर्री, तिर्री आणि दोन्ही एक्क्यांच्या रंगाची जोड, याहून चांगला हात या खेळात नाही. एक्का-तिर्री आणि एक्क्याचा कलर व्हायची शक्यता, हेही खेळण्यासारखं.

दुसरा चांगला प्रकार लोकांना पटत नाही: चारही मोठी पानं. राजा, राणी, गुलाम, दश्शी. लोशी याचं काही देणंघेणं नाही. लहान पानं बोर्डवर आली की सोडून द्यायचं, आणि ज्या चार डावांत लो होत नाही तिथे अख्खा पॉट उचलायचा.

मधली पानं मात्र घात करतात. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी ओळीने आली की तीन पत्तीची सवय असलेल्याला सिक्वेन्स दिसतो. पण हा सिक्वेन्स बसायला बोर्डवरही बहुतेक तीच मधली आणि लहान पानं यावी लागतात, आणि ती आली की लो उभा राहतो. म्हणजे मेहनत पूर्ण, पॉट अर्धा, आणि वरचा सिक्वेन्स कोणाकडे असेल तर तोही गेला.

पावाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. समजा टर्नपासून पुढे प्रत्येकाने शंभर चिंचोके घातले.

तुमच्याकडे एकट्याकडे अर्धा पॉट असेल, तर दोघांच्या डावात दोनशेचे निम्मे शंभर परत. फायदा नाही, तोटा नाही. तिघांत दीडशे, म्हणजे पन्नासचा फायदा. चौघांत दोनशे, शंभरचा फायदा. हे सगळ्यांना समजतं.

पण लोचा तोच हात दोघांकडे असेल तर लोचा अर्धा पुन्हा दुभागतो आणि तुमच्याकडे पाव पॉट येतो. दोघांच्या डावात दोनशेचा पाव पन्नास: घातलेले निम्मे गेले. तिघांत तीनशेचा पाव पंच्याहत्तर: पंचवीस गेले. चौघांत शंभर: बरोबरी. पाच जण असले तर सव्वाशे, तेव्हा कुठे पंचवीसचा फायदा. आणि तिघांकडे तोच लो असेल तर प्रत्येकाला सहावा हिस्सा. मग सहा जण डावात असतील तेव्हा फक्त बरोबरी.

एक्का-दुर्री तुमच्याकडे आहे म्हणजे बाकीचे तीन एक्के आणि तीन दुर्र्या अजून कुठेतरी आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात चार पानं आहेत. शिवाय एक्का-दुर्री आलेला माणूस पॅक करत नाही, शेवटपर्यंत थांबतो. त्यामुळे दुसरी जोडी समोर असणं ही अपवादाची गोष्ट नाही. म्हणून नुसता नट लो, म्हणजे त्या बोर्डवर होऊ शकणारा सगळ्यात चांगला लो, आणि हायसाठी हातात काहीही नाही, अशा वेळी माझा नियम: चौघांपेक्षा कमी जण असतील तर रेझ नाही. दुसऱ्याने केलेली चाल भरायची आणि गप्प बसायचं. पाच किंवा जास्त असतील तर खुशाल वाढवा.

गेल्या हिवाळ्यातला एक डाव इथे पूर्ण मांडते. फ्लॉपला बदाम राजा, चौकट सत्ती, किलवर तिर्री. टर्नला इस्पिक अठ्ठी. तिघं उरले होते. जाऊबाईंकडे एक्का, दुर्री आणि दोन गुलाम. आबांकडे एक्का, दुर्री, राणी, छक्की. मास्तरांकडे दोन राजे, म्हणजे बोर्डचा राजा धरून तीन राजे. त्या बोर्डवर सिक्वेन्स होत नव्हता, कलर होत नव्हता, जोडी नव्हती. तीन राजे हा हायचा सगळ्यात मोठा हात होता आणि मास्तरांना ते पक्कं माहीत होतं.

जाऊबाईंनी चार लावले. मास्तरांनी आठ केले. आबांनी मुकाट्याने आठ भरले. जाऊबाईंनी बारा केले, मास्तरांनी सोळा, तिघांनीही सोळा भरले. भाचा हळूच म्हणाला, ‘मामी, थांबा जरा.’ त्यावर जाऊबाई म्हणाल्या, ‘अर्धा पॉट तं मन्हाच शे!’ रिव्हरला किलवर राणी आली, कोणाचंच काही बदललं नाही, आणि पुन्हा सोळा-सोळा गेले.

त्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाचे बत्तीस, मिळून शहाण्णव. मास्तरांनी अठ्ठेचाळीस उचलले. जाऊबाई आणि आबा यांना चोवीस-चोवीस. प्रत्येकी आठ चिंचोके तोटा, तोही टेबलावरचा सगळ्यात चांगला लो हातात असताना. दोघांनी चाल न वाढवता मास्तरांची चार-चारची चाल नुसती भरली असती, तर प्रत्येकी आठ गेले असते आणि सहा परत आले असते. तोटा दोनचा. आठ आणि दोन, एवढा फरक फक्त रेझमुळे पडला.

आबांची चाल जाऊबाईंना सगळं सांगून गेली होती. तिर्री-सत्ती-अठ्ठीच्या बोर्डवर एक चाल आणि एक रेझ होऊनही माणूस स्वतः न वाढवता, काही न बोलता दोन्ही भरतो, तेव्हा त्याच्याकडे काय असणार? हाय असता तर त्याने मास्तरांशी टक्कर घेतली असती किंवा सोडून दिलं असतं. तो लो घेऊन बसलाय आणि तो लो पक्का आहे. हे दिसलं की तिथेच थांबायचं.

मास्तरांनी मात्र अगदी बरोबर केलं. हायचा अर्धा त्यांचा एकट्याचा आणि समोर दोघं. शंभरामागे पन्नासचा फायदा असताना वाढवायलाच हवं. त्याच पानांवर तेच रेझ एकासाठी शहाणपणाचे आणि दुसऱ्यासाठी नुकसानीचे ठरतात, ते या मोजणीमुळे.

तिसरं लहान पान

एक्का-दुर्री धरून बसलेल्याचा दुसरा वैरी म्हणजे बोर्डवर येणारा एक्का किंवा दुर्री. हातातलं पान बोर्डवर आलं की लोसाठी त्याची किंमत जाते. लो बसलेला असला तरी तो नट राहत नाही, दुसऱ्या कोणाची एक्का-तिर्री किंवा दुर्री-तिर्री वर चढते. म्हणून हातात तिसरं लहान पान हवं. एक्का-दुर्री-तिर्री असेल तर त्यातलं एक बोर्डवर आलं तरी उरलेली दोन कामाला येतात.

हे आकड्यांत बघा. फ्लॉपला चव्वी, सत्ती, गुलाम. तुमच्याकडे एक्का, दुर्री, राजा, राणी. रिव्हरपर्यंत लो बसायची शक्यता सुमारे एकोणसाठ टक्के. राणीऐवजी तिर्री असेल तर बहात्तर. एका पानाने तेरा टक्के वाढले. आणि फ्लॉपला एकच लहान पान आलं असेल तर एक्का-दुर्रीचा लो फक्त सोळा टक्के वेळा बसतो. तिथे फक्त लोच्या आशेवर एक चिंचोकाही घालू नका. आबा घालतात, आणि मी दरवेळी त्यांना हे सोळा ऐकवते.

बोर्डवर एक्का असेल तर नट लोसाठी दुर्री-तिर्री लागते, एक्का आणि दुर्री दोन्ही असतील तर तिर्री-चव्वी. प्रत्येक नवीन पान उघडलं की नट लो कोणता हे मनात पुन्हा म्हणायचं. दुसऱ्या नंबरचा लो या खेळात फार महाग पडतो, कारण पहिल्या नंबरवाला जागचा हलत नाही.

फक्त हाय असेल तेव्हा

तीन राजे किंवा तीन राण्या फ्लॉपलाच झाल्या आणि बोर्डवर दोन लहान पानं आहेत, तर जे काही वाढवायचं ते फ्लॉपलाच वाढवा. लो अजून कोणाचाच झालेला नाही, आणि काही वेळा होणारही नाही. लोची वाट बघणाऱ्यांना पुढचं पान फुकटात बघू देऊ नका. टर्नला तिसरं लहान पान पडलं की तुमच्या पॉटाचा अर्धा गेला असं धरायचं आणि पुन्हा माणसं मोजायची. हाय पक्का असून समोर दोघं-तिघं लोवाले असतील तर चाल चालू ठेवा. एकच जण असेल तर वाढवून हाती काही लागत नाही. आणि हाय पक्का नसेल, म्हणजे बोर्डवर कलर किंवा सिक्वेन्स दिसत असेल, तर भरून रिव्हर बघा. दोन्हीकडून रेझ येऊ लागले तर सोडा. लोवाल्याच्या आणि मोठ्या हायवाल्याच्या मध्ये सापडलेला माणूस डावातल्या सगळ्यांचे पैसे भरतो.

लहान पानं आलीच नाहीत, फ्लॉप राजा-दश्शी-नव्वी असा असेल, तर साधा पोकर समजून जोर लावा. एक्का-दुर्रीवाल्यांचा लो आता होऊच शकत नाही.

जिथे न थांबता वाढवायचं

अर्धा हातात आहे आणि दुसरा अर्धाही येऊ शकतो, ही या खेळातली सगळ्यात मोठी कमाई. भाच्याचा एक डाव. त्याच्याकडे बदाम एक्का, बदाम नव्वी, इस्पिक दुर्री, किलवर राजा. बोर्डवर बदाम चव्वी, बदाम अठ्ठी, चौकट राणी, आणि टर्नला इस्पिक सत्ती. लो एक्का-दुर्रीचा, नट. वर बदामाचा सगळ्यात मोठा कलर व्हायला एक बदाम हवं. समोर एकटे मास्तर, आणि त्यांच्या खेळावरून दिसत होतं की त्यांच्याकडे पंजी-छक्की, म्हणजे चव्वीपासून अठ्ठीपर्यंतचा सिक्वेन्स आहे. हाय त्या घडीला मास्तरांचा.

भाच्याने वाढवलं, मास्तरांनी वाढवलं, तो पुन्हा वाढवत राहिला. दोघांच्या डावात लोचा अर्धा म्हणजे घातलेलं परत. न दिसलेली चव्वेचाळीस पानं, त्यात नऊ बदामं. साधारण पाचातून एकदा अख्खा पॉट, एरवी बहुतेक वेळा बरोबरी. रिव्हरला बदामाची नसलेली दुर्री किंवा एक्का पडला तर मात्र मास्तरांच्या पंजी-छक्कीचा लोही वर चढतो आणि अख्खा पॉट जातो, पण अशी पानं पाचच. आणखी एक धोका होता: मास्तरांच्या हातात पंजी-छक्कीबरोबर एक्का-दुर्रीही असती तर भाच्याला पाव मिळाला असता. पण चारही पानं अशी जुळून येणं फार क्वचित. बदाम गुलाम आला आणि सागरगोट्यांचा ढीग त्याच्याकडे गेला. एका डावाच्या निकालावरून मी चाल बरोबर की चूक ठरवत नाही. गुलामाऐवजी इस्पिक दश्शी आली असती तरी टर्नचे रेझ बरोबरच होते.

जाऊबाईंच्या आणि याच्या हातात फरक केवढा ते बघा. दोघांकडे एक्का-दुर्री, दोघांचा लो नट. एकाला फक्त लो, दुसऱ्याला वर बदामाची आशा.

सराव

पहिले काही डाव सगळ्यांची पानं उघडी ठेवून खेळा. प्रत्येक पानानंतर आळीपाळीने एकाने सांगायचं: आत्ता नट हाय कोणता, नट लो कोणता, कोणाला किती हिस्सा. आमच्याकडे मास्तर हे शाळेसारखं घेतात, पण मेंढीकोटाच्या पुढे न गेलेली माझी मोठी बहीणही याच पद्धतीने एका संध्याकाळी तयार झाली.

शेवटी पॉट वाटताना आधी हाय आणि लो असे दोन सारखे ढीग करा. एक चिंचोका उरला तर तो हायचा. मग लोच्या ढिगात कोणी भागीदार असेल तर तो ढीग त्यांच्यात मोडा, आणि ढीग मोडून होईपर्यंत कोणाचीही उघडी पानं उचलू देऊ नका.